सीमाभागातून परदेशी सेवावर्षाला जाताना: पहिल्या चौकशीपासून परतीच्या दाखल्यापर्यंत

परदेशात स्वयंसेवक म्हणून वर्षभर राहून येता येते, त्यासाठी शेत गहाण ठेवावे लागत नाही आणि एजंटाच्या हातावर लाखभर रुपयेही ठेवावे लागत नाहीत, असे मी खानापुरात किंवा बेळगावात कोणाला सांगते तेव्हा समोरून येणारा पहिला प्रश्न बहुधा ‘पगार किती?’ हाच असतो. पगार नसतो. चांगल्या कार्यक्रमात राहण्याची सोय, जेवण, विमा आणि महिन्याचा थोडा हातखर्च मिळतो, आणि त्याच्या बदल्यात वृद्धांच्या घरात, दिव्यांगांच्या निवासात, शाळेत किंवा शेतावर पूर्णवेळ, मन लावून काम करायचे असते. नोकरी मिळवण्याचे मागचे दार म्हणून याकडे पाहणाऱ्याची निराशा होते आणि यजमान संस्थेचीही पंचाईत होते. ज्यांना हे मान्य आहे, अशा अठरा ते सव्वीस-सत्तावीस वयाच्या आणि पहिल्यांदाच विचार करणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. मी स्वतः जर्मनीतील एका खेड्यात दिव्यांगांच्या निवासात एक वर्ष काम केले, त्यामुळे त्या वाटेबद्दल सविस्तर आणि इतर वाटांबद्दल गरजेपुरते लिहीत आहे.

वेळेचा अंदाज आधी घ्यावा. जर्मनीतील सेवावर्षे बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात. म्हणजे पुढच्या सप्टेंबरात जायचे असेल तर या वर्षीच्या गणपतीच्या सुमारास तयारीला लागले पाहिजे. पदवीची शेवटची परीक्षा झाल्यावर मे महिन्यात चौकशी सुरू करणाऱ्याला त्या वर्षीची जागा सहसा मिळत नाही.

पहिली पायरी: आधी आपल्याच गावात काम

निवड करणाऱ्या संस्थेला गुणांपेक्षा एक गोष्ट अधिक पाहायची असते: या मुलाने यापूर्वी कोणी न सांगता, पैसे न घेता, काही काळ सलग काम केले आहे का? आपल्याकडे याची उत्तरे असतात, पण ती अर्जात लिहायची असतात हे कोणी सांगत नाही. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. त्याचे प्रमाणपत्र कपाटात पडलेले असेल तर बाहेर काढावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांनी पाण्याने वेढलेल्या वस्त्यांत जेवण पोहोचवले, नंतर घरांतला चिखल उपसला. ‘मी समाजसेवेची आवड असलेला युवक आहे’ या वाक्याने काहीच कळत नाही. ‘पूर ओसरल्यावर नऊ दिवस आम्ही आठ जणांनी शाळेच्या खोल्या धुतल्या आणि धान्याचे वाटप वहीत नोंदवले’ या वाक्याने माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो.

असा अनुभव अजिबात नसेल तर तो आधी मिळवावा. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरते. तिथला एक आठवडा परदेशी शारीरिक काम जमेल की नाही हे स्पष्ट दाखवतो. शिवाय घरबसल्या करता येणारी संयुक्त राष्ट्रांची ऑनलाइन स्वयंसेवा आहे. त्यात अठरा वर्षांवरील कोणालाही भाषांतर, आरेखन, माहितीसंकलन अशी कामे मागता येतात, आणि इंग्रजीत कामाचा पत्रव्यवहार करण्याची सवय फुकटात लागते.

दुसरी पायरी: वाट निवडणे

सर्वात सोपी सुरुवात म्हणजे दोन-तीन आठवड्यांचे आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर. ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही या क्षेत्रातली जुनी चळवळ आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये पिएर सेरेझोल या स्विस गृहस्थांनी फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळ, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावात, वेगवेगळ्या देशांच्या तरुणांना एकत्र आणून घरे बांधायला घेतली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर हेच सेरेझोल सहकाऱ्यांना घेऊन भारतात आले आणि भूकंपग्रस्त गावांच्या उभारणीत राबले. म्हणजे या वाटेचा आपल्या देशाशी संबंध नव्वद वर्षांचा आहे. या चळवळीची भारतीय शाखा आहे. शिबिरात राहणे-जेवणे यजमानाकडे असते, प्रवास आणि नोंदणीचे शुल्क आपले. वर्षभर घर सोडण्यापूर्वी एक उन्हाळा असा घालवावा, असे माझे मत आहे. नेपाळमधले शिबिर मिळाले तर आणखी उत्तम, कारण तिथे भारतीय नागरिकाला व्हिसाच लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते.

वर्षभरासाठी जर्मनी ही आपल्यासारख्यांना खरोखर खुली असलेली वाट आहे. तिथे एफएसजे, म्हणजे स्वेच्छेचे सामाजिक वर्ष, आणि २०११ मध्ये सक्तीची लष्करी भरती थांबवल्यावर सुरू झालेली बीएफडी ही केंद्र सरकारची स्वयंसेवा, असे दोन कायदेशीर प्रकार आहेत. एफएसजेसाठी वय सत्तावीसच्या आत असावे लागते. कालावधी साधारण बारा महिने, कमीत कमी सहा आणि जास्तीत जास्त अठरा. वर्षभरात किमान पंचवीस दिवस शिबिरवजा प्रशिक्षण असते, आणि आरोग्य विम्याचा हप्ता संस्था भरते. याखेरीज जर्मन सरकारच्या विकास सहकार्य मंत्रालयाचा ‘वेल्टवेर्ट्स’ नावाचा कार्यक्रम आहे. तो २००८ मध्ये जर्मन तरुणांना बाहेर पाठवण्यासाठी सुरू झाला आणि २०१३ पासून भारतासारख्या देशांतल्या तरुणांनाही जर्मनीत येण्याची सोय त्यात झाली. तिथे थेट अर्ज करता येत नाही, भारतातल्या भागीदार संस्थेमार्फतच जावे लागते आणि जागा थोड्या असतात. पण जागा मिळाली तर खर्चाचा मोठा भार कार्यक्रमच उचलतो.

ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थेच्या कामासाठी वेगळा व्हिसा आहे. तो जास्तीत जास्त बारा महिन्यांचा असतो, काम बिनपगारीच असावे लागते आणि तिथल्या सरकारची परवानगी असलेल्या संस्थेनेच प्रायोजक व्हावे लागते. सहा महिन्यांपेक्षा अधिक राहायचे असल्यास मान्यताप्राप्त दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. कार्ल क्योनिग यांनी १९४० मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनजवळ सुरू केलेल्या कॅम्पहिल वसाहती, जिथे दिव्यांग आणि इतर माणसे एकाच घरात राहून शेती, बेकरी, विणकाम करतात, या वाटेवरचे नावाजलेले ठिकाण आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात, ज्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे, अठरा ते सव्वीस वयोगटासाठी युवा स्वयंसेवकांच्या जागा निघतात. स्पर्धा मोठी असते, म्हणून अर्ज करावा पण केवळ त्यावर विसंबून राहू नये. युरोपीय संघाच्या ‘युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर’ची जाहिरात समाजमाध्यमांवर सतत दिसते, त्यातली नेहमीची स्वयंसेवा संघातील देशांच्या आणि ठरावीक शेजारी देशांच्या रहिवाशांसाठी आहे, त्यात भारत नाही. तिथे खाते उघडून वर्ष घालवू नये.

तिसरी पायरी: निमंत्रणपत्र ओळ न ओळ वाचणे

माझ्या मते या साऱ्या प्रवासात सर्वात महत्त्वाचे काम हेच आहे, आणि नेमके हेच घाईने उरकले जाते. संस्थेकडून करार किंवा निमंत्रणपत्र आले की ते मोबाइलवर न वाचता झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यावे आणि पेन्सिल हातात घेऊन बसावे. मी माझ्या पत्रात आठ गोष्टी शोधल्या होत्या: संस्थेचा नोंदणी क्रमांक, कामाचा पत्ता, राहण्याचा पत्ता, आठवड्याचे तास, सुट्या, हातखर्चाची रक्कम, विमा कोण भरणार, आणि काम जमले नाही तर कोणाशी बोलायचे. शेवटच्या बाबीचा पत्रात उल्लेखच नव्हता. मी विचारले, तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी समन्वयक बाईंचे नाव आणि फोन कळवला. चांगली संस्था प्रश्नाने नाराज होत नाही. ‘तुम्हाला यायचे नसेल तर दहा जण रांगेत आहेत’ असे उत्तर आले, तर तिथे जाऊ नये.

फसवणुकीची लक्षणे ठरलेली असतात. ‘स्वयंसेवक’ म्हणून बोलावून महिन्याला लाखाचा पगार सांगणे, पैसे एखाद्या माणसाच्या खात्यावर मागणे, पावती न देणे, ‘पर्यटक व्हिसावर या, पुढचे आम्ही बघतो’ असे सांगणे, यांपैकी एकही दिसले की पत्रव्यवहार थांबवावा. संयुक्त राष्ट्रांचा कार्यक्रम अर्जाच्या कोणत्याही टप्प्यावर पैसे घेत नाही, त्यामुळे त्या नावाने शुल्क मागणारा खोटा आहे हे लगेच ओळखता येते. नोकरीच्या आमिषाने म्यानमार-कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर भारतीय तरुण अडकल्याच्या आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्यांना सोडवून आणल्याच्या बातम्या २०२२ पासून आपण वाचत आलो आहोत. पर्यटक व्हिसावर काम करणे, मग ते बिनपगारी का असेना, अनेक देशांत बेकायदा ठरते. शेतावर राबून जेवण-निवारा मिळवण्याचा जो ‘वूफ’ नावाचा प्रकार १९७१ पासून इंग्लंडमधून जगभर पसरला, त्यालाही काही देश कामच मानतात. ब्रिटनमध्ये पर्यटक व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण तीस दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते, त्यापुढे नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. दोन-चार आठवड्यांसाठी अनाथाश्रमात जाऊन मुलांशी खेळण्याचे कार्यक्रम विकले जातात. नेपाळ आणि कंबोडियातल्या अशा आश्रमांत ठेवलेल्या अनेक मुलांचे आई-वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या पैशांसाठी मुले घरापासून दूर ठेवली जातात, हे वारंवार उघड झाले आहे. शिवाय दर पंधरवड्याला नवा दादा, नवी ताई येते आणि निघून जाते, हे त्या लेकरांनी किती वेळा सोसावे? अशा ठिकाणी जाऊ नये.

चौथी पायरी: कागदपत्रे, आणि सीमाभागातल्या खास अडचणी

पासपोर्ट सर्वांत आधी काढावा. छत्तीस पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये आहे. बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, आणि हुबळीला मोठे केंद्र आहे. अर्ज देशात कुठूनही करता येतो, मात्र पोलीस पडताळणी अर्जात दिलेल्या पत्त्यावर होते.

आपली खरी अडचण नावाची असते. मराठी घरात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी रीत. कर्नाटकातल्या शाळेत मात्र अनेकदा नावाला आद्याक्षर जोडून नोंद होते. परिणामी एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्सकार्डावर एक नाव, आधारवर दुसरे आणि जन्मदाखल्यावर तिसरेच, त्यातही कन्नडमधून इंग्रजीत उतरताना ‘पाटील’ आणि ‘गावडे’ यांची स्पेलिंगे बदललेली. माझ्या मार्क्सकार्डावर आडनावाचे केवळ एक अक्षर होते. सायबरमध्ये अर्ज भरणाऱ्याने तेच आडनावाच्या रकान्यात टाकले, मीही न वाचता मान हलवली, आणि दुरुस्तीत दोन महिने गेले. पासपोर्टच्या अर्जात आद्याक्षरे चालत नाहीत, पूर्ण नाव फोडून लिहावे लागते. म्हणून सर्व कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडावेत, एकच स्पेलिंग ठरवावे, आधार आधी दुरुस्त करावे आणि मगच अर्जाला हात लावावा. १ नोव्हेंबर २०१४ ला ‘बेळगाव’चे सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले. जुन्या कागदांवर जुने नाव असणे स्वाभाविक आहे, परंतु व्हिसाच्या अर्जात जन्मस्थान पासपोर्टवर जसे छापले असेल तसेच लिहावे. जन्मदाखला फक्त कन्नडमध्ये असेल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून ठेवावे.

दुसरी अडचण दोन राज्यांची. काही देशांना आपल्या दाखल्यांवर ‘अपोस्टिल’, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात मानला जाणारा शिक्का, लागतो. या शिक्क्यामागच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ मध्ये सामील झाला. परराष्ट्र मंत्रालयाच्या या शिक्क्यापूर्वी राज्य सरकारचे साक्षांकन लागते, आणि ते दाखला देणाऱ्या राज्याचे असावे लागते. ज्याचे एसएसएलसी कर्नाटकातले आणि पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, त्याला एका कागदासाठी बंगळूर आणि दुसऱ्यासाठी मुंबई असे दोन्ही सांभाळावे लागते. म्हणून कोणत्या कागदावर शिक्का हवा हे संस्थेला लेखी विचारून घ्यावे. सगळ्याच कागदांवर मारून घेण्याचा खर्च करू नये.

व्हिसाचेही तसेच आहे. निपाणीहून पुणे जवळ, म्हणून पुण्या-मुंबईतून अर्ज करू, असा विचार मनात येतो. पण जर्मनीसाठी कर्नाटक आणि केरळचे रहिवासी बंगळूरच्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात, तर महाराष्ट्र आणि गोव्याचे मुंबईच्या. पुण्यात शिकत असल्यास तिथल्या वास्तव्याचा पुरावा देऊन काय करता येते, हे आधी विचारावे. नाहीतर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी बंगळुरात उतरावे आणि अपॉइंटमेंट दुपारची घ्यावी, कारण गाडीला उशीर झाला तर सकाळची वेळ हुकते. पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला असेल तर तो पासपोर्ट सेवेच्याच संकेतस्थळावरून ५०० रुपयांत निघतो. आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी; तिचे प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर वैध धरले जाते.

पाचवी पायरी: भाषा आणि मुलाखत

मराठी माध्यमातून शिकलो म्हणून आपल्याला हे जमणार नाही, असे मानणारी मुले मला पुष्कळ भेटतात. घरी मराठी, बसमध्ये कन्नड, बाजारात दोन्ही, मित्रांशी हिंदी आणि एखाद्या मावशीकडे कोंकणी, असे वाढलेल्या मुलाला परक्या भाषेत चुकत-माकत बोलण्याची लाज कमी असते, आणि सेवावर्षात हीच गोष्ट व्याकरणापेक्षा जास्त उपयोगी पडते. तरीही जर्मनीसाठी जर्मन शिकलीच पाहिजे. निवासातल्या माणसांना इंग्रजी येत नसते. पुणे आणि बंगळूर येथील माक्सम्युलर भवनात वर्ग आणि परीक्षा होतात, ऑनलाइन वर्गही आहेत. ए-वन, ए-टू या पहिल्या पातळ्या पार करून बी-वनपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करावा. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून याला वर्ष लागते असे धरून चालावे.

मुलाखत व्हिडिओवर होते. ‘रुग्णाचे अंग पुसता येईल का, शौचाला मदत करता येईल का?’ असे ते थेट विचारतात. घरी आजीचे केले असेल तर तसे सांगावे. जमणार नाही असे वाटत असेल तर तेही सांगावे, म्हणजे ते स्वयंपाकघरातले किंवा बागेतले काम देतात.

सहावी पायरी: घरचे लोक, पैसे, सामान

आई-वडिलांना, विशेषतः मुलीच्या, कराराची मराठी करून एका कागदावर लिहून द्यावी: कुठे राहणार, खोलीत कोण, समन्वयकाचा फोन, परतीची तारीख. माझ्या बाबांनी तो कागद देवघराच्या फळीवर ठेवला होता आणि विचारायला येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला तोच दाखवत होते. विमानाचे तिकीट कोण काढणार हे करारात पाहावे. आपल्यालाच काढायचे असेल तर तेवढे पैसे आणि दोन महिन्यांचा वरखर्च आधी जमवावा. त्यासाठी कर्ज काढू नये, कारण हातखर्चातून हप्ता फिटत नाही.

सामानात मूळ दाखल्यांच्या दोन संच झेरॉक्स, औषधे असतील तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, आणि एक चांगली जोडी बूट. थंडीचे कपडे तिथे जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. युरोपीय संघात प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणू देत नाहीत, म्हणून तूप नेऊ नये आणि खव्याचा कुंदाही विमानतळावर अडकू शकतो. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट व्यवस्थित बांधून न्यावे.

तिथे पोहोचल्यावर

जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी करावी लागते. बँकेचे खाते आणि पुढचा निवास परवाना यांच्यासाठी तो कागद लागतो. हे काम समन्वयकाला सोबत घेऊन पहिल्याच आठवड्यात करावे.

कामाच्या पहिल्या महिन्यात थकवा शरीराला येतो त्याहून अधिक डोक्याला येतो, कारण दिवसभर अर्धवट समजणारी भाषा ऐकावी लागते. या काळात फार काही करून दाखवण्याचा आग्रह धरू नये. माझ्याकडे साठीतल्या एका गृहस्थांची सकाळची तयारी होती. त्यांचा डावा हात चालत नसे. मी तिसऱ्याच दिवशी त्यांच्या शर्टाची पाचही बटणे भराभर लावून टाकली आणि काम लवकर झाले म्हणून खूश झाले. ते मात्र गप्प बसून राहिले, नाश्त्यालाही आले नाहीत. मुख्य परिचारिकेने मला सांगितले की सर्वात वरचे बटण ते स्वतः लावतात, त्याला सात-आठ मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ आपण उभे राहायचे असते. दुसऱ्या दिवसापासून मी चार बटणे लावून थांबू लागले. नवीन ठिकाणी पहिला आठवडाभर ‘हे काम तुम्ही कसे करता?’ एवढेच विचारत राहावे, ही सूचना मी तेव्हापासून प्रत्येकाला देते.

अडचण आली तर आधी समन्वयक, मग पाठवणारी संस्था, आणि पासपोर्ट हरवणे किंवा छळ यांसारखी गंभीर बाब असेल तर भारतीय दूतावास, हा क्रम लक्षात ठेवावा. परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे तक्रार नोंदवण्याचे संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. त्यावरचे खाते निघण्यापूर्वी घरूनच उघडून ठेवावे. आपला पासपोर्ट कोणत्याही संस्थेला ‘सांभाळायला’ देऊ नये.

परतताना

निघण्यापूर्वी नगरपालिकेत पत्ता रद्द केल्याची नोंद करून तिची प्रत घ्यावी, मोबाइलचा करार लेखी रद्द करावा आणि शेवटचा हातखर्च जमा झाल्याची खात्री करून मगच बँकेचे खाते बंद करावे. संस्थेकडून केवळ ‘इतके महिने काम केले’ असा दाखला न घेता, कोणते काम केले आणि कसे केले याचे सविस्तर प्रशस्तिपत्र मागून घ्यावे. जर्मनीत ते मागण्याचा स्वयंसेवकाला हक्क आहे. त्याची इंग्रजी प्रत तिथेच सही-शिक्क्यासह करून घ्यावी, कारण बेळगावला परत आल्यावर जर्मन प्रशस्तिपत्राच्या भाषांतरासाठी पुण्याला किंवा बंगळूरला जावे लागते.